बॅटरी नवी, दिवे सहा: धुळ्याच्या बॅटरीवाल्या आप्पांकडचा अनुभव

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते खाली येईलच.

अखाजीला दोन दिवस राहिले होते. नणंद माहेरपणाला येणार, तिला धुळ्याच्या स्टँडवरून आणायचं ठरलेलं. सकाळी किल्लीचं बटण दाबलं तर गाडी मुकी. दार किल्लीने उघडलं, बटण दाबलं, मीटरवर क्षणभर उजेड आला, बोनेटखाली टकटकटक आवाज झाला आणि पुन्हा काळोख. आदल्या रात्रीच 78 टक्के चार्ज बघून झोपले होते. आमच्या ह्यांनी लगेच गल्लीभर जाहीर केलं, “बघा, इलेक्ट्रिक घेतली ना!” शेजारचे काका डिझेलवर हात ठेवून हसले.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे एवढं तरी ठाऊक होतं. गाडी पळवणारी मोठी बॅटरी वेगळी आणि पुढे बोनेटखाली बसलेली बारा व्होल्टची वेगळी. दिवे, कुलपं, डिस्प्ले, सगळे छोटे कॉम्प्युटर त्या छोटीवर चालतात. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे जाडजूड रिले, ओढायलाही तिचाच करंट लागतो. छोटी मेली की मोठीत कितीही भरलेलं असो, गाडी रेडी, म्हणजे चालायला तयार, होत नाही. कोठारात धान्य आहे, कुलपाची किल्ली हरवलीय, तसं. घरच्या मल्टिमीटरने मोजलं, 9.4 व्होल्ट. चार वर्षं झाली होती, त्यात आमच्याकडचं ऊन. शिशाच्या बॅटरीला थंडीपेक्षा उन्हाळाच जास्त खातो, आणि खानदेशात मे महिन्यात बोनेटवर पापड वाळतील. भरीला मी डॅशकॅम असा जोडून घेतलेला की गाडी बंद असतानाही तो चालूच. म्हणजे थोडा गुन्हा माझाही.

गावातल्याच एकाने घरी येऊन नवी बॅटरी बसवली. वीस मिनिटांत काम, वॉरंटी कार्डावर शिक्का, पैसे घेतले. गाडी रेडी झाली आणि मीटरवर दिवाळी. स्टेअरिंग, एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारं), ईएसपी (गाडी घसरू न देणारं), हिल होल्ड (चढावर गाडी मागे जाऊ न देणारं), एअरबॅग, टायर. सहा पिवळे दिवे, आणि दर दहा सेकंदांनी टुंग करून नवा मेसेज. तो म्हणाला, “मॅडम, बॅटरी माझी ओके आहे. आता हे कंपनीचं काम.” सर्व्हिस सेंटरला फोन लावला. गाडी न बघताच त्यांनी कंट्रोलर जाण्याची शक्यता सांगितली, टोचन लावून आणा म्हणाले, आणि तारीख दिली आठ दिवसांनंतरची. कंट्रोलरचा आकडा ऐकून मी फोन ठेवला.

धुळ्याला पारोळा रोडवर बॅटरी आणि वायरिंगचं हे छोटं दुकान आहे. कॉलेजच्या एका सहकाऱ्याने नंबर दिला. मालकाला सगळे आप्पाच म्हणतात, वय साठीच्या आसपास. फोनवर त्यांनी आधी किंमत नाही सांगितली, प्रश्न विचारले. लाल दिवा कोणता आहे का? गाडी रेडी होते का? स्टेअरिंग जड लागतंय? ब्रेकचं पेडल नेहमीसारखंच आहे? मीटरवर कासव, म्हणजे गाडीची ताकद कमी केल्याची खूण, दिसतंय? मी अंगणात दोन चकरा मारून बघितलं. लाल काही नव्हतं, स्टेअरिंग हलकं, ब्रेक व्यवस्थित, कासव नाही. “मग सावकाश या, हायवेला जोरात पळवू नका. यातलं एकही बिघडलेलं असतं तर गाडी हलवू नका म्हटलं असतं.” एवढ्यानेच मला अर्धा धीर आला.

दुकानात पोचले तेव्हा साडेअकरा. अकराची वेळ पाटीवर, शटर उघडलं पावणेबाराला. हे लिहून ठेवते.

पुढचा अर्धा तास मात्र बघण्यासारखा होता. शेल्फवर गाडीच्या कॉम्प्युटरांतले बिघाड वाचणारा स्कॅनर दिसत होता, आप्पांनी त्याला हातही लावला नाही. आधी मल्टिमीटर. गाडी बंद ठेवून मोजलं, 12.2. “नवी ना ही? पूर्ण भरलेली नवी 12.6 च्या वर पाहिजे. दुकानात पडून होती ही, चार्ज न करताच बसवली.” मग गाडी रेडी केली. इलेक्ट्रिक गाडीला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, नसतो, मोठ्या बॅटरीतला उच्च दाब उतरवून छोटीला चार्ज करायचं काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. आप्पांनी मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर ठेवली आणि दुसरी आधी मायनसच्या चिमट्यावर टेकवली. 14.1. मग तीच तार जेमतेम अर्धा इंच सरकवून चिमट्यातून वर डोकावणाऱ्या शिशाच्या खुंटीवर टेकवली. 12.9.

माझ्या डोक्यात दिवा पेटला, मीटरवरच्या सहांपेक्षा मोठा. चिमटा आणि खुंटी एकमेकांना चिकटून असताना मध्ये जवळजवळ सव्वा व्होल्ट गायब? म्हणजे तिथे रोध आहे. हे मी फळ्यावर वीस वर्षं काढतेय आणि स्वतःच्या गाडीत नवी बॅटरी बसवल्यावर मोजायचं मला सुचलं नाही!

आप्पांनी चिमटा सैल केला आणि आतून एक दुमडलेली पत्र्याची पट्टी काढली. तेलाच्या डब्याची असावी, एका बाजूला हिरवा रंग अजून होता. “ताई, गाडीले काहीच व्हयेल नही. बॅटरीनं मुंडकं बारीक नि टोपी मोठी शे.” गाडीचा चिमटा जाड खुंटीचा, बसवलेली बॅटरी बारीक खुंटीची. फट भरायला पत्रा कोंबला, वरून पाना फिरवला. हाताला घट्ट लागतं, पण करंटला वाट नाही. जागेवर स्टेअरिंग वळवलं की इलेक्ट्रिक स्टेअरिंग एकदम भरपूर करंट मागतं, तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं, आणि एकेक कॉम्प्युटर आपल्या वहीत ‘व्होल्टेज कमी’ असं लिहून दिवा लावतो. त्यावर आणखी एक भानगड. मायनसच्या चिमट्यावरच एक काळा ठोकळा असतो, बॅटरी सेन्सर. किती करंट आत, किती बाहेर, हे तो गाडीला कळवतो. त्याचा छोटा प्लग लावायचाच राहिला होता, बॅटरीच्या मागे लोंबत होता.

बॅटरी बदलून घ्या, माझ्याकडची घ्या, असं आप्पा एकदाही म्हणाले नाहीत. बॅटरी बाहेर काढली, दोन तास चार्जरला लावली. खुंट्यांवर शिशाच्या तयार टोप्या चढवल्या, बारीक खुंटी जाड करायला त्या मिळतातच. चिमटे तारेच्या ब्रशने घासले, आधी प्लस, मग मायनस, दहा नंबरच्या पान्याने कसले. हातोडी नाही. “सेन्सरवर एक ठोका पडला तर तुमचे सात-आठ हजार गेले.” प्लग टक करून बसवला. बॅटरीला खाली दाबून धरणारी पट्टीही आधीच्याने लावली नव्हती, ती लावली. पुन्हा मोजलं. चिमट्यावर 14.1, खुंटीवरही 14.1.

मग स्कॅनर. बिघाडाचे अकरा कोड निघाले. पुसण्याआधी त्यांनी मला फोटो काढायला लावले, हे मला फार आवडलं. कोड पुसल्यावर एअरबॅग आणि एबीएसचे दिवे गेले, बाकीचे राहिले. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवायला सांगितलं, मग सरळ रस्त्याने एक चक्कर. वीज तुटली की स्टेअरिंगचा कोन सांगणारा सेन्सर आपलं मधलं ठिकाण विसरतो, आणि ते सापडेपर्यंत ईएसपी नि हिल होल्डसुद्धा रुसून बसतात. दीड-दोन किलोमीटर गेलो असू, एका केळीच्या ट्रकमागे, आणि तिन्ही दिवे पाठोपाठ विझले. सगळ्या गाड्यांना एवढ्यावर भागत नाही, काहींना स्कॅनरवरून कोन शिकवावा लागतो, असं ते म्हणाले. काचा एका झटक्यात वर जाणंही गाडी विसरली होती, त्यासाठी काच पूर्ण वर नेऊन बटण थोडा वेळ ओढून धरायचं. घड्याळ मीच लावलं.

टायरचा दिवा राहिला. मी म्हटलं, “हाही पुसा.” आप्पांनी उलट हवा मोजली. तीन चाकांत 33, मागच्या उजव्यात 24. खिळा! तो एकटा दिवा पहिल्यापासून खरं बोलत होता आणि मी त्याला बाकीच्या पाचांत धरून चालले होते. शेजारच्या पंक्चरवाल्याने 120 घेतले.

आप्पांचं बिल 780 रुपये: टोप्या, चार्जिंग, स्कॅनिंग, मजुरी. वहीच्या पानावर लिहून दिलं, फोनवरून पैसे घेतले. मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबाच्या केशरी केबलला ते हात लावत नाहीत. मोठ्या बॅटरीचं किंवा सॉफ्टवेअरचं काही विचारलं की सरळ म्हणतात, “ते कंपनीतच. मले येत नही.” मला याचा उलट भरवसा वाटला. जाताना एक तंबी दिली: कुणाची बंद पडलेली गाडी या बॅटरीला केबल लावून चालू करून द्यायची नाही, कन्व्हर्टर त्यासाठी नसतो. शेजारच्या काकांना मी ते कळवलं आहे.

आता तारा का कापला. खुर्ची एकच, तीही अर्ध्या उन्हात. तीन तास थांबावं लागलं आणि बाईमाणसाला जायला आसपास काही सोय नाही. मी शेवटी रिक्षा करून देवपूरला मावशीकडे गेले, जेवून परत आले. दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही, मागून हॉर्न वाजत राहतात. आणि बॅटरी चार्ज होईपर्यंत आप्पा राजकारणावर बोलतात. तुमचं मत वेगळं असेल तर गप्प बसा, पाना त्यांच्या हातात असतो.

आमच्या गावच्या बॅटरीवाल्याला पट्टी दाखवली. “सगळे असंच लावतात,” म्हणाला. टोप्यांचे पैसेही दिले नाहीत. ती पट्टी मी ठेवून घेतलीय, जूनमध्ये बारावीच्या प्रॅक्टिकलला लागेल.

महिना होत आला, एकही दिवा परत लागलेला नाही. डॅशकॅम आता गाडीबरोबरच बंद होतो. आप्पांकडे जायचं असेल तर सकाळी फोन करून जा, बॅटरी कुणी बसवली आणि कधी ते सांगा, सोबत पाण्याची बाटली आणि टोपी घ्या. सोमवारी बंद. नणंद त्या दिवशी एसटीनेच आली.