पीएस५, एक्सबॉक्स की स्विच: रिस्क घेतं कोण आणि निस्तरतं कोण

मावसभाऊ दिवाळीपासून मागे लागलाय, दादा कोणता गेमिंग कन्सोल घेऊ, सोनीचा पीएस५, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स की निन्टेंडोचा स्विच, आणि त्याला टेराफ्लॉप वगैरे ताकदीचे आकडे काही नकोयत, त्याला एवढंच हवंय की तेच तेच खेळायला लागू नये. म्हणून नवीन काही करायची रिस्क कोणती कंपनी घेते, त्या हिशोबाने बघितलं.

सोनी पुढे आहे म्हणून हात आखडता. लास्ट ऑफ अस या जुन्या गेमचा पहिला भाग २०२२ मध्ये नव्याने, दुसरा २०२४ मध्ये रिमास्टर, म्हणजे तोच गेम चकचकीत करून, मग होरायझन पण, शिळ्या कढीला ऊत नुसता. बरं मोठा डाव टाकला तो कॉनकॉर्ड या गेमवर, तसले हीरो शूटर (वेगवेगळ्या शक्तींचे हीरो घेऊन ऑनलाइन गोळीबार) आधीच ढीगभर असताना! २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद, लोकांना पैसे परत, पुढे स्टुडिओलाच कुलूप. आणि गंमत बघा, त्याच ६ सप्टेंबरला ॲस्ट्रो बॉट आला, सोनीने २०२१ मध्ये जो जपान स्टुडिओ गुंडाळला त्यातून उरलेल्या टीमचा, आणि द गेम अवॉर्ड्सचा गेम ऑफ द इयर तोच घेऊन गेला. पीएस५ सोबत फुकट येणारा ॲस्ट्रोचा छोटा गेम आहे ना, त्यात पाऊस लागला की थेंबांची टिपटिप कंट्रोलरमधून तळव्याला लागते, मी पहिल्यांदा खेळताना अक्षरशः हात बघितला.

एक्सबॉक्स मागे पडलंय, त्यामुळे गेम पासवर, म्हणजे महिन्याचे पैसे भरून ढीगभर गेम खेळायच्या त्यांच्या स्कीमवर, वेडे प्रयोग चालून जातात. पेंटिमेंट घ्या, १६व्या शतकातलं बव्हेरिया, संवाद शाईने लिहिल्यासारखे उमटतात, माणूस किती शिकलेला त्याप्रमाणे अक्षर बदलतं, मधेच चूक होऊन खोडली पण जाते. असला गेम ७० डॉलरला कोण घेणार होतं? पण हाय-फाय रश, ज्यात सगळं जग गाण्याच्या ठेक्यावर हलतं, तो एवढा गाजूनही त्याच्या टँगो स्टुडिओला मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये भरल्या ताटावरून उठवलं. क्राफ्टन या कोरियन कंपनीने उचललं म्हणून वाचले.

निन्टेंडोचं वेगळंच. स्विचच्या आधीचा त्यांचा कन्सोल वी यू जेमतेम १.३५ कोटी विकला, दणकून आपटला, तरी पुढचाही डाव वेगळाच टाकला, टीव्हीला लावा नाहीतर हातात घेऊन खेळा, आणि तो स्विच १५ कोटींच्या वर गेला. आता स्विच २ मात्र बेताने, तेच पण मोठं आणि फास्ट. शिवाय आपल्याकडे अधिकृत विक्री नाही, म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला इम्पोर्ट नाहीतर दुबईहून येणारा कोणीतरी, आणि बिघडला तर वॉरंटीच्या नावाने बोंब.

तर माझं मत पीएस५, कारण पेंटिमेंट, हाय-फाय रश, फोर्झा होरायझन ५ हे सगळं आता तिथेही आलंय, एक्सबॉक्सची रिस्क सोनीच्या घरात बसून खेळता येते. सिरीज एस, म्हणजे स्वस्तातला एक्सबॉक्स, फक्त बजेट तंग असेल आणि नेट चांगलं असेल तर. त्यात डिस्क जातच नाही, म्हणजे खेळून झाल्यावर विकायचा विषयच संपला. आणि पीएस५ घेतलास तरी डिस्कवालाच घे, अजब गेम नाही आवडला तर निदान अर्धे पैसे तरी सुटतील.