पसरणी घाट चढण्याआधी: वाईत दीड दिवस

पुण्याहून महाबळेश्वरला निघालेली गाडी वाईत थांबलीच तर चहाला थांबते, फार तर ढोल्या गणपतीला हात जोडायला. पंधरा मिनिटं, एक फोटो आणि लगेच पसरणी घाट. एवढ्या वेळात वाई कुणाला आवडेल अशी अपेक्षाच करू नये. तेवढ्यात दिसते ती पार्किंगची मारामारी आणि हार-नारळाच्या दुकानांची रांग. वाई हे कृष्णा नदीच्या घाटांवरचं गाव आहे आणि हे घाट बघायचे ते पायी, तेही भल्या सकाळी किंवा दिवेलागणीला. म्हणून हा अभिप्राय दीड दिवसाच्या वाईचा आहे. शनिवारी दुपारी पोहोचायचं, रविवारी जेवून निघायचं. या हिशेबाने गाव पाचापैकी सव्वाचार गुणांचं. पंधरा मिनिटांत उरकणाऱ्यांसाठी दोनच.

गावाला रेल्वे नाही. पुण्याहून अंतर नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर, आणि स्वारगेटहून महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणाऱ्या एसट्या वाईवरूनच जातात. स्वतःची गाडी असेल तर पुण्याकडून येताना सुरूरला महामार्ग सोडायचा, साताऱ्याकडून येताना पाचवडला. शनिवारी सकाळी आठ ते अकरा खंबाटकी घाटात अडकायची तयारी ठेवा. चढाला एखादा मालट्रक तापून बसला की मागे रांग लागते. एक तर सहाच्या आत घाट ओलांडावा, नाहीतर सरळ जेवून निघावं. चौघांपेक्षा कमी माणसं असतील तर एसटीच बरी, कारण वाईच्या आळ्या दोन बैलगाड्यांच्या मापाच्या आहेत आणि नदीच्या घाटाकडे वळलेली मोटार उलटी काढताना चालकाची मान मोडते.

घाट सात आहेत आणि त्यांची नावं आळ्यांवरून पडली आहेत: सिद्धनाथवाडी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी. पर्यटक येतो तो गणपती आळीत आणि तिथूनच परत फिरतो. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. एका दगडातली, बसलेली असूनही सुमारे दहा फूट उंच मूर्ती बघून लोक खूश होतात, आणि व्हावंच. पण खरी कारागिरी देवाच्या पाठीमागे आहे. दर्शन झालं की बाहेर या आणि देवळाला वळसा घालून मागची भिंत बघा. ती सपाट नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी भिंतीवर आदळून दाब देत नाही, टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. सपाट भिंतीला पुराचा सगळा रेटा छातीवर घ्यावा लागला असता. नदीच्या पात्राला लागून देऊळ बांधायचं आणि दरसालच्या पुरात उभंही ठेवायचं, या अडचणीवरचं हे उत्तर अडीचशे वर्षांहून जास्त टिकलं आहे. इथे मार्गदर्शक घेतलात आणि त्याने तुम्हाला मागे नेलं नाही, तर पैसे देताना विचार करा.

शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ त्याहून पाच वर्षांनी जुनं, १७५७ चं. तिथला काळ्या दगडाचा नंदी इतका घोटीव आहे की संध्याकाळी दिवा लागला की त्याच्या पाठीवर उजेडाचा पट्टा दिसतो. रास्त्यांचा इथे एवढा पसारा का, असं कुणी विचारलं तर नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्त्यांच्या घरातल्या, एवढं सांगितलं की पुरे.

चालण्याचा क्रम असा ठेवा. साडेपाचच्या सुमाराला गणपती आळीतून सुरुवात करून नदीकाठाने मधल्या आळीकडे आणि पुढे गंगापुरीकडे जायचं. मधे घाट तुटला तर आळीत शिरायचं आणि पुढच्या बोळातून पुन्हा नदीवर उतरायचं. अंतर थोडं आहे, तरी दीड तास धरा, कारण पायऱ्यांवर बसणं हाच निम्मा कार्यक्रम. पादत्राणांची चूक बरेच जण करतात. चामड्याच्या तळव्याच्या चपला किंवा गुळगुळीत सँडल नकोत. पाण्यालगतच्या तीन-चार पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि पाणी ओसरल्यावर ते वाळल्यासारखं दिसतं पण पाय टेकला की घसरतं. खाचा असलेला रबरी तळवा हवा. नाहीतर अनवाणी उतरा, गावातली माणसं तेच करतात.

पावसाळ्यात मात्र वेगळा हिशेब. वाईच्या वर धोमचं धरण आहे, साडेतेरा टीएमसीचं (म्हणजे तेवढ्या अब्ज घनफुटांचं), आणि त्याच्याही वर बलकवडी. इकडे ऊन पडलेलं असलं तरी वरून पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडायला लागतात. विसर्ग वाढवायच्या आधी नदीकाठाला सूचना दिली जाते. ती ऐकल्यावरही ‘अजून बरंच खाली आहे’ म्हणून पाण्याशी फोटो काढत बसणारे दर वर्षी निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये घाट वरूनच बघावा. नदी भरलेली, डोंगर हिरवे आणि पायऱ्या मोकळ्या, असा सगळा योग दसरा ते कार्तिक या दिवसांत जुळतो.

माघ-फाल्गुनात आलात तर कृष्णाबाईचा उत्सव मिळेल. तो सगळ्या गावाचा एकदम नसतो. एका घाटाचा झाला की दुसऱ्या घाटाचा, असा आळीआळीने पुढे सरकतो. देवीची मूर्ती वाजतगाजत घाटावरच्या मांडवात येते, कीर्तनं होतात, महाप्रसाद होतो, की पुढची आळी तयार. अफझलखान वाईत तळ देऊन होता तेव्हा केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला असं गावात सांगतात. त्या दिवसांत कोणत्या घाटाची पाळी आहे ते खोली ठरवतानाच विचारून घ्या. उत्सवाच्या आळीत उतरलात तर लाउडस्पीकरची तक्रार करायची नाही.

रविवारची सकाळ मेणवलीला द्या. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर, रिक्षा मिळते, थंडीच्या दिवसांत चालतही जाता येतं. नाना फडणवीसांचा वाडा सहा चौकांचा. वाडा खाजगी मालकीचा असल्याने तिकीट आहे आणि ते योग्यच आहे, कारण एवढ्या लाकडाला वाळवीपासून सांभाळणं स्वस्त नाही. सुटे पैसे जवळ ठेवा. आतली भित्तिचित्रं अंधाऱ्या भिंतींवर आहेत, तेव्हा उन्हातून आल्यावर दोन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावले की रंग दिसायला लागतात. फ्लॅश मारू नका, हात तर अजिबात लावू नका. चुन्याच्या गिलाव्यावरचा जुना रंग बोटाच्या घामानेही सुटतो.

वाड्याच्या मागच्या अंगाने घाटावर उतरलं की मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हा आकडा आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून आणलेल्या घंटांपैकी ही एक. आकडा शोधायला खाली वाकून घंटेभोवती हळूहळू फिरावं लागतं. ओतीव अक्षरं झिजलेली आहेत, ती तिरक्या उन्हातच उठून दिसतात. भर दुपारी गेलात तर नुसती एक घंटा दिसेल. सुटीच्या दिवशी नऊनंतर लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी, त्यांचे छत्रीवाले आणि धुराच्या नळकांड्या घाटाचा ताबा घेतात. आठच्या आत पोहोचा.

तिथूनच पुढे धोम. नरसिंहाचं देऊळ उंच गोल जोत्यावर आहे, पण आधी शंकराच्या देवळासमोरचं कुंड बघा. कमळाच्या आकाराचं कुंड, मधे दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरलेलं असेल तर कासव पाण्याखाली जातं आणि नंदी तरंगल्यासारखा दिसतो. कोरडं असलं तर ही गंमत निम्मी होते, मात्र कासव नीट बघायला मिळतं. दोन्हीकडून फायदाच.

वाईतली एक गोष्ट तिकिटाची नाही आणि फोटोचीही नाही. मराठी विश्वकोशाचं काम याच गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली उभं राहिलं, पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. १९१७ मध्ये विनोबा ज्या प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले होते तीही इथलीच. बाहेरून बघाल तर साध्या इमारती, आत कामाची माणसं. फलक वाचून पुढे निघणं हेच सभ्यपणाचं.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. उन्हाळ्यात पात्र आटतं, साचलेल्या पाण्यावर जलपर्णी चढते आणि वाससुद्धा येतो. एप्रिल-मे मध्ये घाटाचं कौतुक ऐकून येणारा माणूस नाराज होणारच. निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट नदीत सोडणारे बारा महिने आहेत. घाटांवर स्वच्छतागृहांची वानवा आहे, विशेषतः बायकांची पंचाईत होते, तेव्हा खोलीवरूनच उरकून निघा. राहायची सोय साधी, स्वच्छ चादर आणि गरम पाणी मिळालं की समाधान मानायचं. जेवण बरं मिळतं, पण मेनूकार्डावरचं पनीर मागवू नका. ज्वारीची भाकरी, पिठलं, वांगं, ठेचा सांगा, आणि अडीचच्या आत जेवायला बसा. त्यानंतर तवा उतरवलेला असतो.

नेण्यासारखं म्हणाल तर हळद. या भागात हळदीचा व्यापार जुना आहे. तयार पूड घेण्यापेक्षा हळकुंडं घ्या. पिवळंधमक, एकसारखं चकाकणारं हळकुंड पॉलिश केलेलं असतं, त्यावर भुलू नका. एक हळकुंड मोडायला सांगा. चांगलं वाळलेलं असेल तर कटकन आवाज करत तुटतं आणि आत गडद केशरी निघतं. वाकलं किंवा चिवटपणे फाटलं तर अजून ओल आहे, ते घरी जाऊन बुरशी धरेल. काढणी साधारण फेब्रुवारी-मार्चची, मग शिजवणं आणि दोन-तीन आठवडे वाळवणं, त्यामुळे नवा माल एप्रिलच्या पुढे. घरच्या मिक्सरमध्ये हळकुंडं घालू नका, पातं जातं. आधी खलबत्त्यात भरड करायची आणि मग मसाल्याच्या कांडपावर द्यायची. पिठाच्या गिरणीवाला घेणार नाही, आणि चुकून घेतलंच तर तुमच्या मागच्या गिऱ्हाईकाची भाकरी पिवळी होईल.