गाळ, थेंब आणि लाखाचं यंत्र

सोसायटीत 'मोफत पाणी तपासणी'चा बोर्ड लागला की ओट्यावरचे दोन पेले कामाला लागतात. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात विक्रेत्याच्या आरओचं. दोन्हींत सळ्या सोडून वीज दिली की मिनिटभरात नळाच्या पाण्यावर तांबूस-हिरवट गाळ चढतो. "हेच रोज पोटात जातं!" म्हटल्यावर घरातले चेकबुक शोधायला लागतात.

गाळ पाण्यातला नसतो, सळीतला असतो. एक सळी लोखंडाची आणि दुसरी ॲल्युमिनियमची असते. वीज वाहिली की लोखंड विरघळून त्याचा हायड्रॉक्साइड तयार होतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते. आरओच्या पाण्यात क्षार नावालाच, म्हणून तिथे फारसं काही घडत नाही. विक्रेत्याच्याच आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा वीज द्यायला सांगा, तिथेही तांबडा गाळ चढेल. सळ्यांऐवजी पेन्सिलचं शिसं वापरलं तर नळाच्या पाण्यात नुसते बुडबुडे येतात. हे खेळणं थेट २३० व्होल्टवर चालत असेल तर मुलांना लांब ठेवा.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणाऱ्या मीटरचंही तेच. तो फक्त विद्युतवाहकता मोजून अंदाजे आकडा देतो. जंतू, नायट्रेट किंवा फ्लोराइड त्याला दिसत नाहीत. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, त्यामुळे ३०० आकड्याला 'विष' म्हणणारा एकतर अडाणी आहे किंवा लबाड.

खरी मेख रंगीत थेंबांत आहे, कारण पाणी अल्कधर्मी करून देणारी लाखाच्या घरातली 'अल्कलाइन' यंत्रं त्यांच्यावरच खपतात. पाणी आम्ल की अल्क हे रंगाने दाखवणाऱ्या दर्शकाचे थेंब टाकल्यावर आरओचं पाणी पिवळं होतं, यंत्राचं निळं-जांभळं. "पिवळं म्हणजे ॲसिड." पण झालेलं इतकंच असतं: आरओचा पडदा बायकार्बोनेट अडवतो, कार्बन डायऑक्साइड मात्र आरपार जातो, म्हणून सामू (पीएच; सातच्या खाली आम्ल, वर अल्क) सहाच्या आसपास येतो. त्यातलं आम्ल नगण्य. चिमूटभर खायचा सोडा टाका, पिवळा रंग लगेच पालटेल. उलट, निळ्या पेल्यात स्ट्रॉने बराच वेळ फुंकर घाला, तोही पिवळ्याकडे वळेल.

सामू आणि अल्कता, म्हणजे आम्ल शमवायची पाण्याची ताकद, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यंत्र विकणारा ते कधीच सांगत नाही. शुद्ध पाण्याचा सामू ९.५ केला, तरी असं एक लिटर पाणी सामू २ असलेला जठररस जेमतेम ३ मिलिलीटर शमवतं. उलट, लिटरला २०० मिलिग्रॅम अल्कता असलेलं तेवढंच साधं पाणी तोच रस ४०० मिलिलीटरच्या आसपास शमवतं. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या विहिरींचं पाणी बहुधा असं बायकार्बोनेटचंच असतं, म्हणजे आधीच किंचित अल्कधर्मी. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ राहतो तो फुप्फुसं आणि मूत्रपिंडांमुळे, पेल्यातल्या पाण्यामुळे नव्हे.

आयोडीनचा तपकिरी रंग उडवून 'अँटिऑक्सिडंट' दाखवण्याची जादूही बघायला मिळते. अल्कधर्मी पाण्यात आयोडीन रंगहीन होऊ शकतं. आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तेच करून बघायला सांगा, विक्रेता विषय बदलेल.

कोकणात, गोव्यात जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी कधी खरोखर आम्लधर्मी निघतं आणि लोखंडी पाइप खातं. त्यालाही लाखाचं यंत्र लागत नाही. पाणी चुनखडीच्या खड्यांच्या थरातून सोडलं की सामू वर येतो, फक्त खडे झिजतील तशी भर घालावी लागते.

पाण्याबद्दल शंका असेल तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. सामू, अल्कता, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू एवढं तपासून मागा. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ओळखपत्र आणि आधी ठरवलेली वेळ असल्याशिवाय विक्रेत्याने घरी यायचं नसतं. पैसे गेले असतील तर बिल, करारनामा आणि प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ जपून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.