एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन: महिन्याची फी गेली, सगळा भार पिशवीवर आला

१७ मार्च २०१५ रोजी 'द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' (ईएसओ) या इंटरनेटवर अनेकांनी एकत्र खेळायच्या गेमची सक्तीची महिन्याची फी बंद झाली. गेम एकदा विकत घ्या, हवा तेवढा खेळा, फी वाटली तर भरा. हाच नियम आजही चालू आहे. गेम घ्यावा का, तर जरूर घ्यावा. 'ईएसओ प्लस' नावाने उरलेली ऐच्छिक फी भरावी का, हे मात्र तुमची पिशवी, म्हणजे गेममध्ये सामान ठेवायची जागा, किती वेगाने भरते त्यावर ठरतं. ते कसं, हे नीट कळलं तर वर्षाचे बरेच पैसे वाचतात.

थोडं मागचं. ४ एप्रिल २०१४ला गेम पीसी आणि मॅकवर आला तेव्हा किंमत साठ डॉलर, त्यात पहिले तीस दिवस, आणि पुढे दरमहा १४.९९ डॉलर. तीन महिन्यांचे एकदम भरले तर ४१.९७, सहा महिन्यांचे ७७.९४. फी थांबली की दार बंद, साठ डॉलर मोजून घेतलेला गेमही उघडत नसे. इम्पीरियल ही जमात खेळायची तर त्यासाठी वेगळी महाग आवृत्ती होती. पहिल्याच महिन्यात गिल्डच्या, म्हणजे खेळाडूंच्या गटाच्या, सामायिक बँकेतून वस्तूंच्या नकला काढण्याची पळवाट सापडली आणि गेममधला बाजार बिघडला. दरमहा पैसे भरणाऱ्या माणसाला अशा गोष्टी जास्त लागतात, कारण प्रत्येक महिन्याला तो नव्याने हिशोब करतो.

आजूबाजूलाही वारं फिरलं होतं. 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक'ने डिसेंबर २०११मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर २०१२मध्येच मोफत खेळायची सोय केली होती. 'गिल्ड वॉर्स २' तर पहिल्यापासून फीविना होता. 'वाइल्डस्टार' ईएसओनंतर दोनच महिन्यांनी तशीच फी लावून आला, सप्टेंबर २०१५मध्ये मोफत झाला आणि नोव्हेंबर २०१८मध्ये कायमचा बंद पडला. ईएसओने फी सोडली ती वेळेवर, ९ जून २०१५ला कन्सोलवर येण्याच्या आधी. नाहीतर एक्सबॉक्सवाल्यांना मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन वर्गणी आणि वर गेमची फी, असा दुहेरी भुर्दंड पडला असता.

फी न भरता काय मिळतं? भरपूर. मूळ गेममध्ये तिन्ही आघाड्यांचे प्रदेश, मुख्य कथा, कोल्डहार्बर, क्रॅगलॉर्न, सिरोडिलचं खेळाडू विरुद्ध खेळाडू युद्ध, आणि पूर्वी वेगळा विकला जाणारा मॉरोविंड हा चॅप्टरही (मोठा जोडभाग) आता त्यातच आहे. प्रत्येक संवादाला आवाज आहे. ऑक्टोबर २०१६च्या 'वन टॅमरिएल' बदलानंतर लेव्हलची कुंपणं गेली. नवा खेळाडू आणि जुना खेळाडू पहिल्या दिवसापासून कुठेही एकत्र फिरू शकतात. फी नसल्यामुळे याला खरी किंमत आली आहे. चार मित्रांपैकी एकजण तीन महिने गायब राहिला तरी परत आल्यावर त्याला काही भरावं लागत नाही आणि तो मागेही पडत नाही.

मग घोडं अडतं कुठे? पिशवीत.

या गेममध्ये जागा मोजली जाते ती वस्तूंच्या प्रकारांनी. लोखंडाचे २०० तुकडे एका खणात बसतात, आणि लसणाची एक कुडीही एक खण खाते. आता एखाद्या प्रदेशात तासभर फिरा. वाटेत खाणीचा दगड, तागाचं रोप, मेपलचा ओंडका. रस्त्याकडेला कोलंबाइन आणि कॉर्न फ्लॉवर, ओढ्याजवळ पाणी. जमिनीवर चमकणारे रूनस्टोन, त्यांचेही तीन वर्ग, आणि 'टा' नावाचा रून तर इतका सापडतो की शेवटी तो दिसला तरी उचलावासा वाटत नाही. एखाद्या घरात शिरलात की एका पिंपात पीठ, दुसऱ्यात टोमॅटो, पोत्यात भात, टोपलीत सफरचंद. प्रत्येक गोष्ट वेगळी, म्हणून प्रत्येकीला वेगळा खण. सुरुवातीला पिशवीत खण असतात फक्त ६०. तासाभरात 'जागा नाही' अशी सूचना येते, आणि ती येते नेमकी डंजनच्या, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या भुयाराच्या, मध्यावर.

बरं, हे सामान टाकूनही चालत नाही. रोजची 'रिट' नावाची कामं, म्हणजे लोहारकाम, शिवणकाम, सुतारकाम, दागिने, किमया, मंत्र भरणं आणि स्वयंपाक या सातही कलांची फर्माइशी कामं, ही गेममधली सगळ्यांत भरवशाची कमाई. वरच्या पातळीवर एकेका रिटला सहाशेच्या वर गोल्ड (गेममधलं चलन) मिळतं. पण ती करायची तर कच्चा माल हाताशी हवा, म्हणजे पुन्हा तेच खण अडले.

ईएसओ प्लस घेणाऱ्याला मे २०१६पासून 'क्राफ्ट बॅग' मिळते. सातही कलांचा सगळा माल उचलताक्षणी आपोआप तिच्यात जातो आणि तिला तळच नाही. प्लसच्या यादीत बाकीही बरंच आहे: सामान ठेवायच्या बँकेत दुप्पट जागा, घरात दुप्पट फर्निचर, अनुभव आणि गोल्डवर १० टक्के वाढ, वस्तूंचे खास गुण (ट्रेट) शिकायच्या संशोधनाच्या वेळात १० टक्के कपात, डीएलसी म्हणजे वेगळ्या विकल्या जाणाऱ्या जोड प्रदेशांचं दार उघडं, आणि दरमहा १६५० क्राऊन (गेमच्या दुकानातलं, खऱ्या पैशांनी घ्यायचं चलन). पण ज्याने एकदा क्राफ्ट बॅग वापरली त्याला विचारा, तो तेवढं एकच नाव घेईल. अनुभवावरची १० टक्के वाढ जाणवतसुद्धा नाही. संशोधनातली कपात नवव्या ट्रेटपर्यंत गेलेल्यालाच कळते, कारण पहिला ट्रेट सहा तासांत होतो आणि पुढे वेळ दुप्पट होत होत नववा ६४ दिवसांवर जातो. त्यात सहा दिवस वाचले तर बरं वाटतं.

आता पैशांचं गणित. प्लसचा एक महिना १४.९९ डॉलरचा, त्यात १६५० क्राऊन. दुकानातून नुसते १५०० क्राऊन घ्यायला तेवढेच १४.९९ डॉलर लागतात. म्हणजे क्राऊन घ्यायचेच असतील तर सुटे कधीही घेऊ नका, सवलत चालू असेल तेवढा अपवाद. एक महिना प्लस घेतलं तर दीडशे क्राऊन जास्त मिळतात आणि महिनाभराची क्राफ्ट बॅग वर. दोन डंजनांचा एक डीएलसी साधारण १५०० क्राऊनला येतो. 'थीव्ह्ज गिल्ड' आणि 'डार्क ब्रदरहुड' निघाले तेव्हा प्रत्येकी २०००चे होते, 'ऑर्सिनियम' ३०००चा. तेव्हा एक महिना प्लस घ्या, त्या महिन्यात उघडे असलेले डीएलसी फिरून पाहा, आणि ज्यात पुन्हा पुन्हा जावंसं वाटेल तोच महिन्याच्या शेवटी, प्लसबरोबर मिळालेल्या क्राऊनमधून, कायमचा घ्या. क्राऊनने घेतलेला डीएलसी प्लस संपल्यावरही तुमचाच राहतो. पहिल्याच दिवशी क्राऊन उधळून टोपी आणि झगा घेणारे इथेच चुकतात. 'इम्पीरियल सिटी'वर क्राऊन खर्चू नका, तो दुकानात शून्य क्राऊनला मिळतो.

एक अट लक्षात ठेवा. २०१७ ते २०२४ या काळात दरवर्षी उन्हाळ्याच्या सुमारास निघालेले मोठे चॅप्टर ताजे असताना प्लसमध्ये येत नसत, वर्षभरानंतर येत. प्लस घेतलं म्हणजे सगळंच उघडलं असं धरून चालू नका, हव्या त्या प्रदेशाचं नाव दुकानात आधी तपासा.

सर्वांत महत्त्वाची बाब, जी गेम नीट समजावून सांगत नाही: प्लस संपल्यावर काय होतं. क्राफ्ट बॅगेतला माल कुठेही जात नाही. तो बाहेर काढता येतो, आणि कलेच्या टेबलावर उभं राहून थेट तिथूनच वापरताही येतो. फक्त नवीन काही आत टाकता येत नाही. बँकेत मर्यादेपेक्षा जास्त सामान असेल तर तेही तसंच राहतं, मात्र आकडा मर्यादेखाली येईपर्यंत नवीन ठेवता येत नाही. घरातलं फर्निचर जागेवर राहतं, नवीन मांडता येत नाही. न घेतलेल्या डीएलसीची दारं बंद होतात. उरलेले क्राऊन तुमचे.

म्हणूनच वर्षातून काही वेळा मिळणारी प्लसची मोफत चाचणी सोडू नये. त्या दिवसांत प्रत्येक पात्राने लॉगिन करा, पिशवीतला आणि बँकेतला सगळा कच्चा माल क्राफ्ट बॅगेत सरकवा. त्यासाठी पिशवीच्या पडद्यावर एकच बटण आहे. चाचणी संपली तरी माल आतच राहतो, आणि शेकडो खण मोकळे होतात. एक पैसा न भरता मिळणारी ही सगळ्यांत मोठी सोय.

बाकीच्या महिन्यांत जागा वाढवायचा क्रम असा ठेवा. पहिल्या दिवसापासून तबेल्यात जाऊन घोडेस्वारीचा धडा घ्या. धडा २५० गोल्डचा, वीस तासांनी एक. वेग, दम आणि भार अशा तीन बाबी, प्रत्येकीचे ६० धडे. आधी 'भार' पूर्ण करा, कारण प्रत्येक धड्याला पिशवीत एक खण वाढतो. बहुतेक जण वेगाच्या मोहात पडतात आणि दोन महिने अरुंद पिशवी वागवतात. तिन्ही मिळून १८० धडे, म्हणजे एका पात्रामागे ४५,००० गोल्ड, आणि एकही दिवस न चुकवता जवळपास सहा महिने. प्रत्येक पात्राचं हे वेगळं मोजलं जातं, म्हणून दुसरं पात्र बनवलं की त्याच दिवशी त्याचेही धडे सुरू करा. हे धडे दुकानात क्राऊननेही मिळतात. त्यावर क्राऊन घालवू नयेत.

पिशवी विकणाऱ्याकडे पहिले दहा खण ४०० गोल्डला मिळतात, पुढची प्रत्येक वाढ महाग होत जाते, आणि विकत घेऊन पिशवी १४०पर्यंत जाते. घोड्याचे ६० धरून २००. बँक ६०पासून २४०पर्यंत वाढते आणि ती सगळ्या पात्रांची सामायिक असते, म्हणून पिशवीच्या पहिल्या दोन-तीन वाढी झाल्या की गोल्ड बँकेकडे वळवा. सराईत पातळीवर मास्टर रिटचे, म्हणजे अवघड फर्माइशी कामांचे, व्हाउचर साठवून घरात पेट्या ठेवता येतात: ३० खणांच्या चार, ६० खणांच्या चार, एकूण ३६० खण. या पेट्यांना प्लस लागत नाही. आणि दहा जणांचा गिल्ड जमला तर ५०० खणांची गिल्ड बँक उघडते. ती वापरताना सामान काढायची परवानगी कोणाला आहे हे आधी पाहून घ्या.

माल आवरायचीही रीत आहे. कच्चं लोखंड, कच्चा ताग दहा-दहाच्या पटीत लगेच शुद्ध करून घ्या, नाहीतर कच्चा आणि पक्का असे दोन खण अडतात. स्वयंपाकाचा माल सरसकट गोळा करू नका. रिटमध्ये ठरावीक पदार्थच फिरून फिरून येतात, तेवढ्यांचंच साहित्य ठेवा, उरलेलं पिंपातच राहू द्या. तुमच्या पात्राच्या पातळीखालचा धातू आणि कापड विकून टाका.

दुकानाबद्दल एक स्पष्ट सांगतो: क्राऊन क्रेट, म्हणजे क्राऊनने घ्यायच्या बंद पेट्या, घेऊ नका. आत काय निघेल ते नशिबावर असतं, आणि हवा तो घोडा किंवा बसायचा दुसरा प्राणी निघेपर्यंत किती पैसे जातील याला धरबंध नाही. जून २०२१पासून रोजची आणि आठवड्याची 'एंडेव्हर' कामं करून मिळणाऱ्या शिक्क्यांनी क्रेटमधली हवी ती वस्तू नेमकी निवडून घेता येते. वेळ लागतो, पण हाती काय येणार ते आधी माहीत असतं.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली पैशांची. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१पासूनच्या नियमांमुळे कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापायला आधी ई-मँडेटची (आगाऊ संमतीची) नोंदणी लागते, आणि परदेशी व्यवहारात ती बरेचदा होत नाही. त्यामुळे दुसऱ्या महिन्याचे पैसे अडकतात आणि प्लस मध्येच बंद पडतं. वरच्या पद्धतीत तुम्हाला सलग महिने नकोच आहेत, तेव्हा प्लस घेतल्याबरोबर पुढचं आपोआप नूतनीकरण रद्द करून टाका. भरलेला महिना पूर्ण मिळतो.

दुसरी सर्व्हरची. सर्व्हर दोनच: युरोपचा फ्रँकफर्टला, उत्तर अमेरिकेचा टेक्ससमध्ये. मुंबई-पुण्याहून युरोपचा जवळ पडतो, साध्या डंजनांना तो पुरतो. पण पात्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येत नाही, आणि क्राफ्ट बॅगेतला मालही त्या त्या सर्व्हरपुरताच असतो. पुण्यातला भाऊ आणि न्यू जर्सीतली बहीण एकत्र खेळणार असतील तर पहिलं पात्र बनवण्याआधीच कोणता सर्व्हर ते ठरवून घ्या. पीसीवर डीएलसी आणि क्राऊन दोन्हीकडे चालतात. सहा महिन्यांचे घोडेस्वारीचे धडे मात्र चालत नाहीत.