निवृत्त शर्यतीच्या घोड्याचे सांधे: पुडी की इंजेक्शन?

सकाळी घोडा तबेल्यातून बाहेर काढला की त्याची पहिली दहा पावलं बघा. दुखरा पुढचा पाय टेकला की मान वर झटकते. थोडं चाललं की अंग मोकळं होतं. बहुतेकदा हा संधिवात.

फिनाइलब्युटाझोन, म्हणजे तबेल्यातलं ‘ब्यूट’, हे दुखणं आणि सूज कमी करणारं पुडीतलं औषध, स्वस्त आणि सोपं. ४५० किलोच्या घोड्याला साधारण दिवसाला १ ते २ ग्रॅम, गूळ घातलेल्या ओल्या कोंड्यात. चव कडू, चाणाक्ष घोडा कोंडा चाटूनपुसून खातो आणि पावडर घमेल्याच्या तळाशी ठेवतो! पण महिनोन्महिने दिलं तर पोटात व्रण, मोठ्या आतड्याला सूज, मूत्रपिंडांना इजा. पाणी कमी पिणाऱ्याला धोका जास्त.

स्टेरॉइडचं इंजेक्शन थेट दुखऱ्या सांध्यात जातं, अनेकदा हायल्युरॉनिक ॲसिडसोबत (सांध्यातलं वंगण). आराम काही आठवडे ते काही महिने. खर्च मोठा, आणि सांध्यात जंतू शिरले तर घोडा हातचा जातो. पूर्वी लॅमिनायटिस (खुराच्या आतली वेदनादायक सूज) झाला असेल तर जपूनच.

माझा कल असा: एकच गुडघा धरला असेल तर इंजेक्शन. सगळेच पाय कुरकुरत असतील तर डॉक्टरांना विचारून कमीत कमी ब्यूट. आणि दोन्हींच्या आधी नालबंदाला बोलवा. वाढलेले खूर सांध्यांवर भार टाकतातच.