परभणीच्या लॅपटॉपवर रॉ फोटो: लाइटरूम, डार्कटेबल की कॅमेऱ्यासोबतचं फुकटचं?

गंगाखेडच्या भाच्यानं कॅननचा कॅमेरा घेतला, पहिल्याच लग्नात सगळं रॉमध्ये काढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "मामा, कोणचं सॉफ्टवेअर टाकू? लाइटरूमला दर महिन्याला पैसे कामून द्यायचे? डार्कटेबल तर फुकट आहे म्हणतेत." मी उलट विचारलं, यंदा लग्नं किती धरलीस? त्याला वाटलं मामा विषय बदलतोय. पण माझ्या हिशेबानं खरा प्रश्न तोच आहे. आठवड्याला किती फोटो हातावेगळे करायचेत ते सांगा, सॉफ्टवेअर आपोआप ठरतं.

रविवारी तो लॅपटॉप घेऊन परभणीला आला आणि आम्ही तीन फोटो तिन्हीकडे, म्हणजे लाइटरूम, डार्कटेबल आणि कॅननच्या फुकटच्या डीपीपीत, उघडून बसलो.

त्याआधी एक खुलासा, कारण हा घोटाळा जवळजवळ प्रत्येक नवख्याचा होतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झकास दिसणारा फोटो लाइटरूममध्ये उघडला की क्षणभर तसाच दिसतो आणि डोळ्यादेखत फिका पडतो. भाचा घाबरलाच, म्हणाला फाइल खराब झाली. काही खराब होत नाही. पडद्यावर दिसतो तो रॉच्या पोटात ठेवलेला छोटा जेपीईजी असतो, कॅमेऱ्यानं आपल्या चवीनं शिजवलेला. रॉ म्हणजे शिधा, कॅमेऱ्यानं टिपलेली न शिजवलेली माहिती. लाइटरूम तो स्वतःच्या पद्धतीनं शिजवतं, डार्कटेबल त्याच्या पद्धतीनं. कॅननचं डीपीपी मात्र कॅमेऱ्याचीच पाककृती वापरतं, म्हणून त्यात उघडलेला फोटो पहिल्या सेकंदापासून ओळखीचा दिसतो. निकॉनचं एनएक्स स्टुडिओही तसंच. ही दोन्ही फुकट आहेत, आणि आपल्याकडे ती फारसं कोणी उघडूनही बघत नाही, याचं मला नवल वाटतं.

शिधा घ्यायचा कशाला? जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. अंधार उचलायची वेळ आली की हा फरक दिसतो. त्याची किंमत जागेत मोजावी लागते: एका लग्नाचे अडीच हजार फोटो, प्रत्येकी साधारण 28 एमबी, म्हणजे 70 जीबी.

हळद

पहिला फोटो हळदीचा. भर दुपार, वर पिवळ्या कापडाचा मांडव, खाली हळदीनं माखलेला नवरदेव. कापडातून गाळून आलेल्या उजेडात सगळंच पिवळं: दात पिवळे, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, करवलीची पांढरी ओढणीसुद्धा. भाच्यानं व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर उचलला आणि थेट मांडवाच्या कापडावर टिचकी मारली. नवरदेव राख फासलेल्या गोसाव्यासारखा झाला. बरोबरच आहे, तुम्ही पिवळ्याला "हे पांढरं" असं सांगितलंत, मग ते बिचारं सगळ्यात निळं ओतणार.

टिचकी मारायची नवरदेवाच्या बनियनवर. तीही हळद न लागलेल्या जागी, बहुतेक वेळा काखेजवळ किंवा पाठीवर सापडते. उजेडाचा पिवळेपणा जातो, हळदीचा राहतो. मग तापमानाचा काटा जरासा उबेकडे सरकवायचा, नाहीतर मांडव दवाखान्यासारखा दिसतो.

एवढं काम तिन्हीकडे जमतं. डार्कटेबलमध्ये मात्र एक खाचखळगा आहे. तिथं व्हाइट बॅलन्स नावाचं मॉड्यूल दिसतं, पण नव्या पद्धतीत रंगाचा समतोल साधायचा तो कलर कॅलिब्रेशन या दुसऱ्या मॉड्यूलमध्ये. दोन्हीकडे हात घातला की रंग दोनदा बदलतात आणि लाल इशारा येतो. हे कळेपर्यंत माझा एक आख्खा आठवडा गेला होता.

खरी परीक्षा पुढचे चारशे फोटो. लाइटरूममध्ये एक नीट करा, बाकीच्यांवर सिंक करा. चेहऱ्यापुरता किंवा दातांपुरता बदल करणारा मास्क लावला असेल तर ते प्रत्येक फोटोत नव्यानं चेहरा शोधून तो बसवतं. संध्याकाळी बसलो तर जेवणाआधी उठतो. डार्कटेबलमध्येही एका फोटोच्या सूचना दुसऱ्यांवर चिकटवता येतात, पण हातानं काढलेला मास्क जागच्या जागी राहतो. नवरदेव दोन पावलं सरकला की मास्क पाटावर आणि चेहरा बाहेर. रंगावरून मास्क करता येतो, पण हळदीत चेहऱ्याचा आणि मांडवाचा रंग एकच. तिथं रात्रीचे अकरा वाजतात. डीपीपीत रेसिपी कॉपी करून चिकटवणं सोपं आहे, पण फोटोतल्या एकाच जागेपुरतं काम जिकिरीचं होतं.

रात्रीच्या स्टेजवरच्या निळ्या-जांभळ्या एलईडीबद्दल विचारू नका. चेहऱ्यावर निळा रंग इतका भडकला की आतला तपशीलच उरला नाही, तर तिघंही हात टेकतात. ते फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून अल्बममध्ये "कलात्मक" म्हणून लावायचे.

वेरूळ

दुसरा फोटो भाच्याचाच, कॅमेरा आल्या आल्या वेरूळला जाऊन काढलेला. (मंगळवारी लेणी बंद असतात हे त्याला दारात कळलं, त्यामुळे दोन खेपा झाल्या.) सोळा नंबरचं कैलास वरून खाली कोरत आणलेलं, म्हणजे आपण खड्ड्याच्या तळाशी उभे. वर आभाळ फटफटीत, खाली चौथऱ्यावरचे हत्ती काळ्या पाषाणात बुडालेले. त्यानं आभाळ सांभाळून फोटो काढला होता, हे शहाणपण केलं. हत्ती मात्र कोळसा.

लाइटरूममध्ये शॅडोचा काटा सत्तरपर्यंत नेला आणि हत्ती एका झटक्यात बाहेर आले, पण दगड राखाडी, सपाट, सिमेंटचा वाटायला लागला. पुढं क्लॅरिटी वगैरे देऊन सावरता येतं. डार्कटेबलमध्ये टोन इक्वलायझर उघडायचा, माउस हत्तीच्या पोटावर न्यायचा आणि चाक फिरवायचं. तेवढ्या अंधाराची पट्टी उजळते, छिन्नीच्या खुणा जागेवर राहतात. या फोटोत डार्कटेबल माझ्या मते सरळ जिंकलं. असा एकेक फोटो घेऊन निवांत बसणाऱ्याला, मग तो वेरूळचा असो की नळदुर्गच्या किल्ल्याचा, मी दरमहा पैसे भरायला सांगणार नाही. रॉथेरपी हेही फुकट आहे आणि बारीक तपशील छान काढतं, पण दोन्ही शिकत बसू नका, एकच धरा.

नाथसागर

तिसरा माझा, हिवाळ्यात पैठणला नाथसागरावर काढलेले रोहित पक्षी, आयएसओ 6400, म्हणजे फोटोभर नॉइजचे दाणे. निकॉनची फाइल असल्यानं डीपीपी तिला हातच लावीना. लाइटरूमचा 2023 पासूनचा एआय डीनॉइज उत्तम, पण भाच्याच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एका फोटोला चहा पिऊन झाला. डार्कटेबलकडे कॅमेऱ्यागणिक मोजून ठेवलेल्या नॉइजच्या प्रोफाइल असतात. काम चोख, पण एआयइतकं स्वच्छ नाही.

आता जी गोष्ट तुलनेत कोणी सांगत नाही ती. लाइटरूम क्लासिक तुमचं सगळं एडिटिंग कॅटलॉग नावाच्या एका फाइलीत ठेवतं. दोन वर्षांपूर्वी मी लॅपटॉप फॉरमॅट करायला दिला. फोटो बाहेरच्या डिस्कवर सुखरूप, कॅटलॉग सी ड्राइव्हवर. दोन लग्नांचं एडिटिंग पुन्हा केलं. चूक सर्वस्वी माझी. डार्कटेबल प्रत्येक फोटोशेजारी केलेल्या बदलांची एक छोटी एक्सएमपी फाइल लिहीत जातं, डिस्क वाचली तर काम वाचलं. लाइटरूममध्येही बदल एक्सएमपीत लिहिण्याची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. पहिल्याच दिवशी करा.

आणि वर्गणी थांबवली तर? क्लासिकमध्ये फोटो दिसत राहतात, एक्सपोर्टही होतात, डेव्हलपला, म्हणजे एडिटिंगच्या खोलीला, मात्र कुलूप. तिथून डार्कटेबलकडे गेलात तर तारे-टॅग येतात, एडिटिंग जसंच्या तसं येत नाही. एकदाच पैसे मोजून घ्यायचं लाइटरूम 2015 च्या सहाव्या आवृत्तीबरोबर संपलं. पेनड्राइव्हवर फिरणारं लाइटरूमचं चोरटं क्रॅक भाच्याकडे होतंच. मी ते उडवायला लावलं. ज्या लॅपटॉपवर दुसऱ्याच्या लेकीबाळींचे फोटो आहेत, तिथं कुठलं तरी अनोळखी सॉफ्टवेअर नको.

त्याची लग्नं निघाली चार, तीही उन्हाळ्यात. मी म्हटलं, तोपर्यंत डीपीपीवर हात बसव, वेरूळसाठी डार्कटेबल टाक, एप्रिलमध्ये लग्नं दहाच्या वर गेली तर लाइटरूम घे आणि वर्गणी पॅकेजच्या भावात धर.

परवा त्याचा व्हॉट्सॲप आला. "मामा, या नवरदेवानं बनियन नाही, पिवळा कुर्ता घातलाय. आता?"

मी लिहिलं, भटजींचं धोतर बघ.