वडोदरा पालिकेची मराठी शाळा, दीड वर्षानंतर: पाचात साडेतीन तारे

मुलाला पालिकेच्या शाळेत घातलं तेव्हा जाऊबाईंनी फोनवर हळूच विचारलं, "का गं, काही अडचण आली का?"

आली होतीच. खाजगी इंग्रजी शाळेची फी महिन्याला अठराशे, रिक्षाचे सातशे, शिवाय दिवाळीनंतर कसली ना कसली 'ॲक्टिव्हिटी'. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-बीडिंग करते. लग्नसराईत हातात पैसा असतो, नवरात्रीआधी चणियाचोळ्यांनी खोली भरते, पण जून-जुलैत मशीन नुसतं झाकून ठेवलेलं. फी मात्र जुलैतही तेवढीच. तेव्हा दुसरीच्या वर्गाला त्याला इकडे आणलं. आता तो तिसरीत आहे. वाडीतले, दांडिया बाजारातले ओळखीचे लोक माप द्यायला आले की "शाळा कशी आहे हो?" विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. शाळेचा नंबर देत नाही. पुढे नळाची गोष्ट येणार आहे आणि तिच्यापायी आमच्या बाईंना कुणी चार शब्द सुनवायला नकोत.

शिकवणं चांगलं आहे. हे मी आधी लिहिते, कारण लोकांना तेच खरं वाटत नाही. पहिली ते आठवी मिळून पट 96, शिक्षक पाच. म्हणजे जोडवर्ग आलेच. तिसरी आणि चौथी एका खोलीत बसतात. मला वाटलं होतं, गोंधळ असेल. गोंधळ आहेच, पण चौथीचं चाललेलं तिसरीच्या कानावर पडतं आणि आमचा महाशय पुढच्या वर्षीचं अर्धं यंदाच उचलून आणतो. एकदा बाईंनी "घरातली मोजायची वस्तू आणा" सांगितलं. याने माझी टेप नेली. मुलांनी त्या टेपेने व्हरांडा मोजला, फळा मोजला, पटावाळेकाकांची काठी मोजली. टेप अजून शाळेतच आहे, मी नवी घेतली. पण तेव्हापासून मी मापं लिहीत असले की हा शेजारी बसून सांगतो, "आई, साडेसात इंच म्हणजे एकोणीस सेंटिमीटर." आधीच्या शाळेत याच पोराला 'मेजरमेंट'चं स्पेलिंग येत होतं.

पुस्तकं फुकट मिळतात. गांधीनगरहून मराठीत छापून येतात. त्या मराठीत मधूनच गुजराती डोकावते, पण ती आमच्या घरातही डोकावते, तेव्हा बोलायला जागा नाही. गुजराती विषयही आहे. 2023 च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवी तो सगळ्यांनाच सक्तीचा झाला. मुलगा आता लाइट बिल वाचून दाखवतो आणि आकडा बघून आधी पंखा बंद करतो.

दुपारचं जेवण: कधी खिचडी-शाक, कधी थेपला, कधी दाळ-ढोकळी. सुखडी (आपली गुळपापडी) असते त्या दिवशी हजेरी भरगच्च. घरी दुधी दिसला की तोंड फिरवणारा मुलगा तिथे पंगतीत मुकाट्याने खातो. दाळ गोड असते. आता वडोदऱ्यात दाळ गोड लागली म्हणून तारा कापायचा नसतो.

आणखी एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत येत नाही. वर्गात एक मुलगा आहे, आईवडील दोघंही गेले, मावशीकडे राहतो. मावशी चार घरची धुणी-भांडी करते. पालक माता-पिता योजनेतून अशा मुलाला सांभाळणाऱ्याला महिन्याला 3000 रुपये मिळतात, फक्त मूल शाळेत जात असलं पाहिजे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या बाईंनी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, दोन्ही मृत्यूचे दाखले, आवकेचा म्हणजे उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक असं सगळं एका प्लॅस्टिकच्या फाइलीत लावून तिच्या हातात दिलं. मंजुरीला वेळ लागला, पण पैसे सुरू झाले. एक तारा मी त्या फाइलीसाठीच देते.

आता तो दीड तारा कुठे गेला ते.

गेल्या वर्षी मला एस.एम.सी.त घेतलं. शाळा व्यवस्थापन समिती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका. सभेला मी एकटीच पूर्ण वेळ बसले होते (हातात हुक लावायचं काम होतं म्हणून), तेवढ्यावर माझी निवड झाली. शाळा विकास योजना याच समितीने करायची असते. मला वाटलं सही करायची असेल. पण आचार्यबेननी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, खरोखरच कागद पुढे ठेवला आणि विचारलं, "काय काय लिहायचं?"

मी म्हटलं, नळ.

हात धुवायच्या जागी सहा नळ आहेत. दोन चालतात. एकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली, तरी तो गळतोच. बाकीच्या तिघांच्या जागी लाकडाच्या खुंट्या ठोकल्यात. जेवणाआधी 96 मुलं दोन नळांवर. लहानगी मागे राहतात आणि हात न धुताच पंगतीला बसतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, सुखडीच्या दिवशी.

तेव्हा अनुदानाचं गणित कळलं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाचं जे एकत्रित अनुदान येतं ते पटावर ठरतं. 30 मुलांपर्यंत 10,000, शंभरापर्यंत 25,000, शंभराच्या वर अडीचशेपर्यंत 50,000. आमचा पट 96, म्हणजे पंचवीस हजार. त्यातले दहा टक्के तरी स्वच्छतेला ठेवायचे: फिनेल, झाडू, साबण. उरलेल्यात खडू, कागद, मोडतोड, सगळं. भागाकार केला तर मुलामागे वर्षाला 260 रुपये. अस्तराच्या एका ब्लाउजची मी शिलाई 300 घेते.

म्हणजे फक्त पाच मुलं जास्त आली तर पैसे दुप्पट! मी तर तिथेच पोरं मोजायला लागले. आचार्यबेन हसल्या. म्हणाल्या, "ताई, आठवीची अकरा जातील जूनमध्ये. पहिलीला नऊ आली तरी देव पावला." म्हणजे नुसतं जागच्या जागी राहायलाच दरवर्षी धावायचं. आणि पट फार खाली गेला की शाळा दुसऱ्या शाळेत 'मर्ज' व्हायची भीती असतेच.

नळासाठी मी एका कचेरीत अर्ज दिला. कुठली ते लिहीत नाही. तिथे एका टेबलाने सांगितलं, हे बांधकामाचं काम. बांधकामाचे भाई म्हणाले, पाण्याचं. पाण्यावाल्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "ग्रांट आवे एटले करी आपीशुं." अनुदान आलं की करून देऊ. इनवर्ड नंबर मिळाला, तो पर्समध्ये आहे. या गोष्टीला सात महिने झाले. शाळेच्या फाटकाबाहेर सिमेंटची तीन बाकडी आहेत, त्यांच्यावर नावं मात्र ठळक रंगवलेली आहेत, दर दोन वर्षांनी नवा रंगही लागतो.

बजेटच्या दिवसांत मी आता पेपर वाचते. कमिशनरसाहेब मसुदा देतात, तो स्थायी समितीत जातो, मग सभेत. कराचे दर 20 फेब्रुवारीच्या आत ठरावे लागतात. शिक्षण समितीचं बजेट वेगळं असतं. बातमीत सगळे आकडे कोटीत. स्मार्ट क्लास, नवी इमारत, डिजिटल अमुक. स्क्रीनबद्दल माझं वाईट मत नाही. आमच्या शाळेत आहे, बाई वापरतात, त्याला अस्तराच्या उरलेल्या कापडाचं कव्हर मीच शिवून दिलंय. पण 'मरामत' म्हणजे दुरुस्ती, या शब्दाची मी वाट बघत राहते आणि तो दिसला तर शेवटच्या परिच्छेदात. प्रवेशोत्सवाला, म्हणजे नव्या मुलांच्या स्वागताच्या कार्यक्रमाला, येणारे पाहुणे सयाजीरावांची आठवण काढतात: 1893 साली अमरेलीत मोफत सक्तीचं शिक्षण सुरू केलं, 1906 पासून सगळ्या बडोदा राज्यात. ऐकायला बरं वाटतं. मूल शाळेत धाडलं नाही तर तेव्हा आईबापांना दंड व्हायचा. आता आईबाप आणून सोडतात आणि पोर नळापाशी रांगेत उभं.

दोन नळ शेवटी बसले. यांच्या ओळखीचा प्लंबर रविवारी आला, सामानाचे साडेतीनशे समितीने दिले, मजुरी त्याने घेतली नाही. आता चालू चार. पाचव्याची पाइपच आतून कुजलीय, ते त्याच्याच्याने होणार नाही म्हणाला.

मला विचाराल तर मूल घाला. आठवीनंतर मराठीत पुढे कुठे, हा प्रश्न माझाही सुटलेला नाही, त्याला अजून पाच वर्षं आहेत. आमच्या गल्लीतली दोन मुलं मी जूनसाठी पक्की केली आहेत, एक पहिलीला, एक चौथीला. पहिलीला 1 जूनला सहा पूर्ण हवीत, पाचाच्या वरची बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, घेतात. जन्माचा दाखला, आधारकार्ड, दुसऱ्या शाळेतून येत असाल तर एल.सी. (शाळा सोडल्याचा दाखला) घेऊन जा. फक्त दुपारी जेवणाच्या वेळेला जाऊ नका, आचार्यबेन तेव्हा ताटं मोजत असतात आणि मध्येच बोललं की पुन्हा एकपासून सुरू करतात.